दोघांपुरती मुंबई

पहाट

रविवार, १२ जानेवारी १९६४. पुणं, पहाटेचे पाच. तोंडातून वाफ निघावी इतकी थंडी. तुमच्या लग्नाला अजून वर्ष व्हायचंय आणि परवा, मंगळवारी, तुमची पहिली संक्रांत. काळी चंद्रकळा आणि हलव्याचे दागिने ट्रंकेत तयार आहेत. आज अंगावर निळं पाचवारी पातळ आणि त्यावर आईनं विणलेला स्वेटर. मंगळसूत्राच्या वाट्या आईच्या ठेवणीतल्या आहेत. गेल्या जानेवारीत सुवर्णनियंत्रण आलं आणि चौदा कॅरटच्या वरचा नवा दागिना घडवायला बंदी झाली.

दारात मामेसासऱ्यांची फियाट उभी आहे. ते डॉक्टर. गाडीसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षं वाट पाहतात. त्यांच्याकडे ती आहे, आणि भाच्याचं नवं लग्न झालंय हे त्यांच्या लक्षात आहे. ‘सोमवारी सकाळी दवाखान्याच्या वेळेला परत द्या,’ एवढंच ते काल म्हणाले.

सासूबाईंना सांगितलेलं कारण खरं आहे: दादरला वन्संकडे तिळगूळ पोचवायचा. न सांगितलेलं कारणही घरात सगळ्यांना ठाऊक आहे. दोन खोल्या आणि सात माणसं. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं आणि सासरचा वाडा त्यात गेला. तेव्हापासून हे कुटुंब नातेवाइकांच्या दोन खोल्यांत राहतंय. या घरात आल्यापासून तुम्ही नवऱ्याशी तासभर सलग, तिसऱ्याच्या कानावर न जाता, बोललेला नाहीत.

फियाटचं पुढचं दार उलट्या बाजूनं उघडतं. तुम्ही पातळ सावरून आत बसता, मांडीवर दशम्यांचा डबा. हे स्टिअरिंगखालचा गिअरचा दांडा ओढतात आणि गाडी निघते. खडकी, चिंचवड, वडगाव मागे पडतात. दोघंही गप्प आहात. बोलायला मोकळीक मिळाली की कुठून सुरुवात करावी हेच सुचत नाही, तसं झालंय.

घाट

खंडाळ्याच्या टपरीवर चहा होतो आणि उजाडता उजाडता गाडी बोरघाटात शिरते. एकविसाव्या शतकातला द्रुतगती मार्ग विसरा. बोगदे नाहीत, दोन दिशांना वेगळ्या मार्गिका नाहीत. एकच रस्ता, समोरून कण्हत चढणारे ट्रक, आणि प्रत्येक वळणाआधी हॉर्न. खाली दरीत धुकं साचलंय.

शिंग्रोबाच्या देवळापाशी सगळ्या गाड्या हळू होतात. हा धनगर. इंग्रजांना घाटातली वाट यानं दाखवली अशी पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी कथा आहे, आणि इथून जाणारा ड्रायव्हर त्याला पैसा वाहिल्याशिवाय पुढे जात नाही. हे खिशातून नाणं काढून तुमच्या हातावर ठेवतात. ‘तू टाक.’ नाण्यावर ‘नये पैसे’ असं लिहिलंय. त्यातलं ‘नये’ येत्या जूनमध्ये जाणार आहे. तुम्ही काच खाली करून नाणं टाकता. हात बाहेर काढताच थंड वारा कोपरापर्यंत शिरतो आणि तुम्ही हसता. आजच्या दिवसातलं पहिलं मोकळं हसू.

खोपोलीला उतरताना डोंगरावरून खाली येणारे जाडजूड नळ दिसतात. लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांतलं पाणी त्यांतून टाटांच्या वीजघरात कोसळतं. १९१५ पासून ही वीज मुंबईच्या गिरण्या चालवते. हे इंजिनिअरिंगच्या ओढीनं सांगायला लागतात: किती उंचीवरून पाणी आलं की किती जोर, मग जनित्र कसं फिरतं. तुम्ही ऐकता. घरी या माणसाला तुम्ही दहा वाक्यांच्या वर बोलताना ऐकलेलं नाही.

पनवेलनंतर गाडी उजवीकडे वळते, कारण वाशीच्या खाडीवर पूल नाही; तो १९७३ मध्ये होईल. शिळफाटा, मग मुंब्रा. एका हाताला डोंगर, दुसऱ्या हाताला खाडी, मध्ये चिंचोळा रस्ता. कळवा, ठाणे, आणि तिथून आग्रा रोड. त्याला लालबहादूर शास्त्रींचं नाव मिळायला अवकाश आहे. शास्त्रीजी अजून पंतप्रधानही झालेले नाहीत. कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना लागतो. तुम्ही बसलेली फियाट इथंच तयार झाली. नवरा गाडीचा वेग कमी करून माहेर दाखवावं तसं तिला फाटक दाखवतो.

हिंदू कॉलनीत वन्सं तिळगुळाचा डबा घेतात, हातावर वड्या ठेवतात आणि म्हणतात, ‘पानं घेते, जेवूनच जा.’ ह्यांचं ‘नको गं ताई, अजून बरंच...’ पुरं होण्याआधीच त्या तुमच्याकडे बघतात आणि कळल्यासारखं हसतात. ‘जा बाई. रात्री घाट सांभाळून चढा.’

खाली दादर टीटीला ट्राम उभी आहे. दादर ते बोरीबंदर एवढाच मार्ग उरलाय आणि ३१ मार्चच्या रात्री शेवटची ट्राम धावेल. गाडी क्षणभर बाजूला लावून तिची घंटा ऐकून घ्या. पुढच्या वर्षी आलात तर ती ऐकू येणार नाही.

राणीची बाग

भायखळा. फाटकातून आत शिरताच शहराचा गलका झाडांमागे राहतो. ही बाग १८६२ ची. मुलांची झुंबड प्राण्यांकडे असते. तुम्ही झाडांच्या बाजूला वळा. गोरखचिंचेचा बुंधा इतका रुंद की दोघांनी हात पसरले तरी कवेत येत नाही. ते तुम्ही करून बघता, कारण आसपास कुणी ओळखीचं नाही.

उर्वशीच्या झाडापाशी थांबा. मूळ ब्रह्मदेशचं हे झाड जानेवारीपासून फुलायला लागतं. फुलांचा घोस फांदीवरून खाली लोंबतो, देठ लांब आणि लालसर, पाकळी शेंदरी-गुलाबी, तिच्या टोकाला पिवळा ठिपका. शेजारची कोवळी पानं हिरवी नाहीत, तांबूस आहेत आणि मऊ पडून खाली मान घालून आहेत. फूल तोडायचं नाही, पण त्याखाली उभं राहून वर पाहायला कुणाची मनाई नाही. हे म्हणतात, ‘कॅमेरा हवा होता.’ तुम्ही म्हणता, ‘नको. नीट बघून घेऊ.’

बागेच्या कडेला संग्रहालय आहे. आज त्याचं नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, डॉ. भाऊ दाजी लाड यांचं नाव त्याला १९७५ मध्ये मिळेल. आत बिडाच्या नक्षीदार खांबांवर सज्जा तोललेला, पायाखाली रंगीत फरशी. काचेच्या कपाटांत मातीची वीतभर माणसं: विणकर, कुंभार, निरनिराळ्या जातीजमातींचे स्त्री-पुरुष, प्रत्येकाच्या डोक्यावर त्याची त्याची पगडी किंवा पागोटं. जुन्या मुंबईच्या प्रतिकृतीसमोर तुमचा नवरा वाकून बेटं मोजतो.

या इमारतीची गोष्ट तुम्हाला ठाऊक हवी. जगन्नाथ शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी आणि जॉर्ज बर्डवुड यांनी पुढाकार घेतला, नागरिकांकडून वर्गणी गोळा केली. १८६२ मध्ये पायाभरणी झाली. मग अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, कापसाच्या भावावर फुगलेला मुंबईचा शेअरबाजार कोसळला, देणग्या आटल्या आणि काम रखडलं. नाना शंकरशेट १८६५ मध्ये गेले. पुरी झालेली वास्तू त्यांनी पाहिलीच नाही. २ मे १८७२ ला दारं उघडली आणि दोनच वर्षांनी भाऊ दाजीही गेले. ज्यांनी वर्गणीसाठी उंबरे झिजवले त्यांच्या वाट्याला ही दालनं जेमतेम आली. ती तुमच्या वाट्याला आली आहेत.

बाहेर दगडी हत्ती उभा आहे. घारापुरीचा. पोर्तुगिजांनी बेटाला ‘एलिफंटा’ म्हटलं ते याच्यामुळे. इंग्रजांनी त्याला विलायतेला न्यायचं ठरवलं, उचलताना तो फुटला, म्हणून राहिला. १९१४ मध्ये तुकडे जोडून त्याला पुन्हा उभं केलं. जवळ जाऊन बघितलं की पाठीवर सांधे दिसतात.

इराणी

दीड वाजून गेलाय. फोर्टात कोपऱ्यावरचा इराणी गाठा. संगमरवरी टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या, भिंतीला मोठे आरसे, गल्ल्यामागे बिस्किटांच्या बरण्या. आत पुरुषांची गर्दी आहे, पण वेटर तुम्हाला पाहताच न विचारता मागच्या बाजूला नेतो. फॅमिली रूम. लाकडी आडोसा, समोर पडदा, आत टेबल आणि दोन खुर्च्या. त्यानं पडदा ओढला की तुम्ही दोघंच.

‘आम्लेट खाशील?’ हे हळूच विचारतात. घरी अंडं येत नाही. माहेरीही येत नव्हतं. तुम्ही मान हलवता. ब्रून मस्का येतो, वरचं कवच कडक, दाताखाली मोडलं की आतलं लोणी ओघळतं. मग बशीत आम्लेट: कडा करपलेल्या, मध्ये हिरवी मिरची आणि कांदा. पहिला घास तुम्ही पावात लपवून घेता, दुसरा उघड. चव आवडते. हे तुमच्या चेहऱ्याकडे बघत बसलेत, स्वतःचं निवायला ठेवून.

पडद्यापलीकडे रेडिओ चालू आहे आणि त्याभोवती घोळका. मद्रासला इंग्लंडविरुद्ध कसोटीचा तिसरा दिवस. बापू नाडकर्णी गोलंदाजी करतोय, नाशिकचा डावखुरा. ‘मेडन,’ कुणीतरी ओरडतं. थोड्या वेळानं पुन्हा, ‘मेडन.’ मग पुन्हा. घोळक्यातल्या लोकांना अजून कळलेलं नाही की ते काय ऐकताहेत. तुम्हाला माहीत आहे: ओळीनं २१ निर्धाव षटकं, आणि डावाअखेर ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा, बळी एकही नाही. बोलस आणि बॅरिंग्टन त्याचा एकेक चेंडू परतवून लावताहेत. नवऱ्याचा एक कान तिकडे आहे हे तुमच्या लक्षात येतं. ‘जा, ऐकून या.’ ‘नको,’ ते म्हणतात, ‘ते उद्या पेपरात येईल.’ आणि खुर्ची जवळ ओढतात.

घुमटाखाली

इराण्यातून निघून काळ्या घोड्यापाशी या. चौकात खरोखरच काळा घोडा उभा आहे, पाठीवर इंग्लंडचा राजपुत्र, पुढे सातवा एडवर्ड झालेला. १९६५ मध्ये पुतळा इथून हलेल आणि सकाळी तुम्ही फिरलात त्याच राणीच्या बागेत जाऊन राहील. समोर प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय हे नाव १९९८ चं. शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा मात्र मागच्या बाजूला, गेटवेसमोर, तीन वर्षांपूर्वीच्या प्रजासत्ताकदिनी आलेला आहे.

पायाभरणी १९०५ ची. जॉर्ज विटेटनं आराखडा काढला, कुर्ल्याचा काळा आणि मालाडचा पिवळसर दगड वापरला, वर विजापूरच्या गोलघुमटाची आठवण देणारा घुमट ठेवला. पहिल्या महायुद्धात इथं लष्करी इस्पितळ होतं, म्हणून लोकांसाठी दारं उघडायला १९२२ चा जानेवारी उजाडला.

मधल्या दालनात जा आणि वर बघण्याआधी समोर बघा. घुमटाखाली गोलाकार उभे लाकडी खांब आणि कमानी. हा मंडप विटेटनं कल्पनेतून काढलेला नाही. तो नाशिकच्या एका वाड्यातून विकत आणलेला आहे.

नवरा चालता चालता थांबतो. खांबापाशी जातो. कोरीव कमळाच्या पाकळ्यांवर, त्यांच्या मधल्या खाचेवर त्याची नजर फिरते. लाकूड गर्द तपकिरी, शिरांवर वर्षानुवर्षांच्या तेलाची झाक. ‘आमच्या चौकात असेच होते,’ तो म्हणतो. ‘चार. उजवीकडच्या पुढच्या खांबाला माझी उंची मोजून आजोबा खूण करायचे.’ मग गप्प होतो. पुरानंतर चिखलातून काय काय काढलं हे तुम्ही सासूबाईंच्या तोंडून ऐकलंय: पितळी भांडी, देव, एक शिवणयंत्र. खांबांबद्दल कुणी बोललेलं नव्हतं. तो बोलतो. पाणी कुठवर आलं, भिंत कशी बसली, आजोबा त्यानंतर त्या गल्लीत कधी गेलेच नाहीत. आजूबाजूनं माणसं जाताहेत, एक शाळकरी मुलगा कमानी मोजतोय, पहारेकरी जांभई देतोय. कुणाचंही तुमच्याकडे लक्ष नाही. घरातल्या दोन खोल्यांत हे सांगायला जागा नव्हती. इथं आहे.

वरच्या मजल्यावर अकबराचं चिलखत आहे, रतन आणि दोराब टाटांनी दिलेल्या वस्तू आहेत, चिनी मातीची भांडी आहेत. वेळ थोडा असेल तर लघुचित्रांकडे वळा. लोर आणि चंदा यांच्या प्रेमकथेची सोळाव्या शतकातली चित्रं याच संग्रहालयाकडे आहेत. मुल्ला दाऊदनं ती कथा १३७९ मध्ये अवधीत रचली. घर सोडून पळालेल्या दोघांची गोष्ट चारशे वर्षं कुणीतरी जपून ठेवली, हे लक्षात असू द्या.

टेकडी

सूर्य कलायला लागलाय. मरीन ड्राइव्हनं मलबार टेकडीवर चढा. हँगिंग गार्डन म्हणजे पाण्याच्या प्रचंड टाक्यांवर मातीचा थर देऊन केलेली बाग, १८८१ ची. तुम्ही ज्या हिरवळीवर बसता तिच्याखाली मुंबईचं पिण्याचं पाणी आहे. कडेला कातरलेल्या झुडपांचे हत्ती आणि जिराफ. पलीकडे कमला नेहरू पार्कात म्हातारीचा बूट, मुलं त्याच्या खिडक्यांतून हाका मारताहेत.

कठड्याशी या. खाली समुद्राचं वळण आणि त्याच्या कडेनं बुटक्या, गोल कोपऱ्यांच्या इमारतींची रांग. नरिमन पॉइंटच्या बाजूला उंच काही नाही. तिथं अजून भराव पडायचाय. दिवे एकेक करून लागतात.

इथं तुम्ही ते बोलता. लग्नाआधीपासून मनात असलेलं, आणि सासरी आल्यावर कधी बोलायला जागाच न मिळालेलं. ‘अहो, मला बी.टी. करायचंय. शाळेत शिकवायचंय.’

ते लगेच उत्तर देत नाहीत. फीचा हिशोब विचारतात. सकाळचं कॉलेज की दुपारचं ते विचारतात. मग म्हणतात, ‘जूनमध्ये फॉर्म भर. आईशी मी बोलतो.’ आणि थोड्या वेळानं, ‘दोन पगार झाले तर वेगळी खोली घेता येईल.’ हे त्यांच्याही मनात होतं तर. उजेड पुरता जाईपर्यंत तुम्ही दोघं आकडे मांडत बसता: भाडं, पागडी, रॉकेल, दूध.

जेवण

रात्री दादर. स्टेशनसमोर मामा काणे, १९१० पासूनचं मराठी उपाहारगृह. बटाटावडा येतो, पिवळाजर्द, आतल्या आल्याचा झणका नाकात जाणारा. थालीपीठ, त्यावर लोण्याचा गोळा. शेवटी पेल्यातलं पियूष, जायफळ-केशराच्या वासाचं. शेजारच्या टेबलावर नाटकाला निघालेली मंडळी आहेत, पलीकडे आजी-आजोबा एका बशीत दोन चमचे घालून खरवस खाताहेत. इथं पडदा लागत नाही. दिवसभरात तुम्हाला सवय झाली आहे: चारचौघांत नवऱ्यासमोर बसून, घास थांबवून, आपलं मत सांगण्याची.

बिल देऊन निघा. खोपोलीला रेडिएटरमध्ये पाणी भरून घ्या, चढ मोठा आहे. आणि घाट चढून झाला की या काळातून बाहेर पडा.

बाहेर पडल्यावर

बरंच बदललंय. ट्राम गेली. काळ्या घोड्याच्या चौकात २०१७ पासून नवा घोडा आहे, स्वाराविना. भाऊ दाजींच्या संग्रहालयाची छतं-खांब या शतकाच्या सुरुवातीला निष्ठेनं दुरुस्त केले गेले आणि त्या कामाला २००५ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. लाकडी मंडप घुमटाखाली आहे. हत्ती आहे. टेकडी आहे.

दोन खोल्या आणि सात माणसं, हेही आहे. पेठांत नसेल तर उपनगरात, चाळीत नसेल तर तीनशे फुटांच्या घरात. आजही असंख्य जोडप्यांना आपल्या आयुष्याचे मोठे निर्णय बोलायला घरात कोपरा मिळत नाही. आणि आपण काय करतो? बागेत बसलेल्या दोघांकडे संशयानं पाहतो, बाकावरून उठवतो, फाटकं लवकर बंद करतो, संग्रहालय म्हणजे शाळेच्या सहलीची जागा असं धरून चालतो. हे चुकीचं आहे, आणि मला त्याचा मनापासून राग येतो. नाना शंकरशेट आणि भाऊ दाजींनी माणसांच्या दारी जाऊन वर्गणी गोळा केली ती सगळ्यांना येता यावं, बघता यावं, थांबता यावं म्हणून. दोघांनी शांतपणे बसून आपल्या पुढच्या आयुष्याचा हिशोब मांडणं, हा त्या वास्तूंचा सर्वांत चांगला उपयोग आहे.

म्हणून येत्या रविवारी जा. गाडी नसेल तर लोकलनं भायखळ्याला उतरा, बागेत फिरा, संग्रहालयाचं तिकीट काढा, दुपारी एखाद्या उरलेल्या इराण्याकडे बसा. बरोबरच्या माणसाला जे कित्येक महिने विचारायचं राहिलंय ते विचारा, आणि उत्तर पुरं होईपर्यंत मध्ये बोलू नका.